इतिहासकार फरिश्ता यांचे दुसरे पुस्तक

रमजानचा दुसरा आठवडा लागला की मशिदीत तरावीहच्या नमाजला उभे राहणाऱ्या वयस्कर माणसांचे गुडघे बोलू लागतात. दिवसभर रोजा, संध्याकाळी इफ्तार आणि रात्री वीस रकात. घरी परतताना जिना चढवत नाही. मग सातारा-सांगलीकडच्या घरांतून जुने उपाय बाहेर येतात. कुणी निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून शेक घेतो, कुणी एरंडाच्या पानाला तेल लावून ते तव्यावर गरम करून गुडघ्यावर बांधतो. मुका मार असेल तर आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप घातला जातो. पोटात घ्यायला सुंठ, नाहीतर हळदीचे दूध. हा उपाय हकिमाचा की वैद्याचा, हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही. आजी करायची म्हणून आई करते.

आले तर साताऱ्याचेच. कोरेगाव भागातले सातारी आले राज्यभरच्या बाजारात जाते. त्याची सख्खी बहीण हळद सांगलीच्या पेठेत विकली जाते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. वनस्पतीशास्त्रात दोन्ही एकाच कुळातल्या. आल्याला अरबीत जंजबील म्हणतात आणि कुरआन शरीफच्या सूरह दहरमध्ये जन्नतमधल्या पेयाच्या वर्णनात हे नाव आले आहे. जंजबील हा शब्दही मुळात हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून संस्कृत ‘शृंगवेर’चे रूप बदलत तिकडे गेला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे झाड इथले, शब्द इथून गेलेला आणि अरबी वेष घालून परत आलेला.

अशा येण्याजाण्याचा हिशेब एका माणसाने चारशे वर्षांपूर्वी, सातारा आणि मिरज ज्या राज्यात होते त्या आदिलशाहीच्या राजधानीत बसून लिहिला. त्यांचे नाव मोठे आहे, पण ते दुसऱ्याच कारणासाठी. मुहम्मद कासिम हिंदूशाह, तखल्लुस ‘फरिश्ता’. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत ते फेरिस्ता किंवा फिरिश्ता या नावाने भेटतात. बहमनी, निजामशाही, आदिलशाही यांच्याबद्दल काही लिहायचे तर त्यांच्या तवारीखेशिवाय कुणाचे पान हलत नाही. पण याच लेखणीने ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ नावाचा वैद्यकाचा ग्रंथही लिहिला, हे कितीजणांना ठाऊक असते? अतिब्बा म्हणजे तबीब मंडळी आणि दस्तूर म्हणजे त्यांनी पाळायचा नियम. ‘इख्तियारात-ए-कासिमी’ हे त्याचे दुसरे नाव.

फरिश्ता इथले नव्हते. कॅस्पियन समुद्राच्या काठी इराणातल्या अस्तराबाद शहरात १५६० च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील मौलाना गुलाम अली हिंदूशाह विद्वान होते. पोराला घेऊन ते दख्खनमध्ये आले आणि अहमदनगरला मुर्तजा निजामशाहाच्या दरबारी शाहजादा मिरान हुसेन याला फारसी शिकवू लागले. थोड्याच काळात वडील गेले. परक्या मुलखात पोरका झालेला हा मुलगा दरबाराच्या आश्रयाने वाढला. ज्याला वडील शिकवत तो शाहजादा त्याच्याच बरोबरीचा. ही ओळख पुढे जिवावरच्या प्रसंगी कामी आली.

१५८८ मध्ये शाहजादा मिरान हुसेन बापावर उलटला. फरिश्ता तेव्हा मुर्तजा निजामशाहाच्या पहाऱ्यावरचे सरदार होते. वाड्यात शिरलेल्या लोकांनी पहारेकऱ्यांची कत्तल केली. फरिश्ता यांच्यावरही तलवार उठली होती, पण शाहजाद्याने त्यांना ओळखले आणि सोडवले. सुलतानाला मात्र त्याच्या मुलानेच हमामखान्यात कोंडून, आग पेटवून गुदमरून मारले. वर्ष उलटायच्या आत मिरान हुसेनही मारला गेला. त्यानंतर अहमदनगरात ‘गरीब’ म्हणजे परदेशी मुसलमानांविरुद्ध दंगा उसळला आणि इराण-तुराणहून आलेली कित्येक माणसे कापली गेली. दख्खनी आणि आफाकी यांच्यातले हे वैर दख्खनच्या सल्तनतींचे जुने दुखणे होते, एकाच धर्मातल्या माणसांचे. फरिश्ता जन्माने त्या परक्यांतलेच. १५८९ च्या अखेरीस त्यांनी अहमदनगर सोडले आणि विजापूर गाठले.

तिथेही शांतता नव्हती. गादीवर दुसरा इब्राहिम आदिलशाह होता, पण राज्य चालवत होता हबशी वजीर दिलावरखान. त्यानेच फरिश्ता यांना दरबारात उभे केले. लगेच लढाई आली. अहमदनगरचा जमालखान आणि विजापूरची फौज यांची गाठ धाराशिवजवळ पडली आणि विजापूरकर हरले. या मोहिमेत फरिश्ता जबर जखमी झाले, जमालखानाच्या हाती कैद झाले आणि नंतर निसटले. तलवारीची जखम, तिच्याभोवती चढणारी सूज, अंगात भरणारा ताप हे सारे त्यांनी नुसते पुस्तकात वाचलेले नव्हते.

इथे साताऱ्याचा किल्ला येतो. आदिलशाहीत अजिंक्यतारा हा नकोशा माणसांना दूर ठेवण्याचा तुरुंग होता. १५८० मध्ये अली आदिलशाह मारला गेल्यानंतर त्याची बेगम चांदबीबी नऊ वर्षांच्या इब्राहिमच्या वतीने कारभार पाहत होती. सत्तेच्या हव्यासाने किश्वरखानाने तिला पकडून साताऱ्याच्या किल्ल्यावर धाडले. पुढे ती सुटली आणि १५९५-९६ मध्ये अहमदनगरच्या तटाला पडलेल्या खिंडारात उभी राहून मोगलांशी लढली. दिलावरखानाचे नशीब एवढे चांगले नव्हते. इब्राहिम वयात आल्यावर त्याने वजिराला झुगारले. दिलावरखान अहमदनगरला पळाला, परत यायच्या मोहात सापडला, आणि आल्यावर त्याचे डोळे काढून त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कोंडण्यात आले. ज्याने दरबारात बोट धरून नेले त्याचा हा शेवट फरिश्ता यांनी आपल्या तवारीखेत नोंदवला आहे.

सांगायचे एवढेच, की वैद्यकाचा ग्रंथ लिहिणारा हा माणूस कुठल्या निवांत मदरशात बसलेला नव्हता. दोन राज्यांतले खून, अंधारकोठड्या आणि आंधळे केलेले डोळे पाहून तो लिहीत होता.

दुसरा इब्राहिम आदिलशाह संगीताचा वेडा. ‘किताब-ए-नौरस’ त्याच्याच नावावर आहे. त्याला जगद्गुरू म्हणत, आणि सरस्वतीचा आदर करणारा हा सुलतान आपल्या प्रजेच्या बोलीत गात असे. त्याने फरिश्ता यांना ‘रौजत-उस-सफा’ हा फारसीतला प्रसिद्ध इतिहासग्रंथ दिला आणि हिंदुस्थानातल्या मुसलमान राजवटींचा तसाच इतिहास लिहायला सांगितले. त्यातून जन्मली ‘गुलशन-ए-इब्राहिमी’, जिला लोक ‘तारीख-ए-फरिश्ता’ म्हणतात. एक मुकद्दमा, बारा मकाले आणि एक खातिमा. पहिला मसुदा १६०६ च्या सुमारास दरबारात सादर झाला, त्यानंतरही भर पडत राहिली.

या इतिहासात आकडे फुगवलेले आहेत, हे खरे. मेलेल्यांची संख्या सांगताना फरिश्ता यांची लेखणी सैल सुटते आणि आजचे अभ्यासक ते आकडे तसेच्या तसे घेत नाहीत. पण त्याच पानांत लढायांखेरीज बरेच काही आहे. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने सरकारी हिशेबातून फारसी काढून देशी भाषा आणली आणि ब्राह्मण कारकुनांना वाव दिला, ही नोंद त्यांचीच. ती भाषा मराठी होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. बीदरला बहमनी सुलतान दुसऱ्या अलाउद्दीन अहमदने पंधराव्या शतकात शिफाखाना बांधला, त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि तिथे मुसलमान तबिबांबरोबर हिंदू वैद्य नेमले, हेही त्यांनीच लिहून ठेवले. एखाद्या इतिहासकाराने काय नोंदवण्याजोगे मानले यावरून त्याचे मन कळते. शिफाखान्यात दोघे एकत्र बसत, ही गोष्ट फरिश्ता यांना लिहिण्याजोगी वाटली.

आता ‘दस्तूर’कडे. अडचण जुनी होती. अरबी-फारसी तिब्बचा पाया बुकरात आणि जालीनूस या यूनानी हकिमांचा आणि त्यावरची इमारत बू अली सीनाच्या ‘अल-कानून’ची. पाच भागांच्या त्या ग्रंथाचा दुसरा भाग सुट्या औषधांचा. एकेक झाड, त्याचा मिजाज, त्याचा उपयोग. सूज उतरवायला तिथे बाबूना येते, इकलील-उल-मलिक येते, सांध्यांसाठी सूरंजान येते. हे सारे इराण, शाम, मिस्रकडे सहज मिळणारे. दख्खनच्या काळ्या मातीत त्यांचा मागमूस नाही. व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून समुद्रापार आलेली वाळकी पाने श्रीमंताला परवडतील, पण मिरजेच्या विणकराने काय करायचे?

दिल्लीकडे हा प्रश्न आधीच विचारला गेला होता. सिकंदर लोदीचा वजीर मियाँ भुवा याने १५१२ मध्ये ‘मादन-उश-शिफा’ हा फारसी ग्रंथ तयार करवला तो याच कारणाने. यूनानी इलाज हिंदुस्थानच्या हवेत वाढलेल्या शरीराला नीट मानवत नाहीत, आणि पुस्तकातली औषधांची नावे इथे कुणाला कळतही नाहीत, अशी त्याची तक्रार होती. फरिश्ता त्याच वाटेने दख्खनमधून निघाले. आपल्याकडचे तिब्बचे ग्रंथ वाचून झाल्यावर ते हिंदी वैद्यांच्या विद्येकडे वळले आणि तिचा सारांश फारसीत मांडला, म्हणजे फारसी जाणणाऱ्या तबिबाला तो वापरता येईल.

हे सोपे काम नव्हते, कारण दोन्ही शास्त्रांचे मूळ गणितच वेगळे. तिब्बमध्ये शरीरातले खिल्त चार: दम म्हणजे रक्त, बलगम म्हणजे कफ, सफरा म्हणजे पित्त आणि सौदा म्हणजे काळे पित्त. आयुर्वेदात दोष तीन: वात, पित्त, कफ. रक्त तिथे दोष नाही, धातू आहे, आणि वाताला तिब्बच्या चौकडीत जागाच नाही. भाषांतर करणाऱ्याला मोह होतो तो दोन याद्या ओढूनताणून जुळवण्याचा. फरिश्ता यांनी मुकद्दम्यातच हिंदी वैद्यांचा सिद्धान्त त्यांच्या पद्धतीने मांडला. त्याच्यानंतर तीन मकाले. पहिल्यात सुटी औषधे आणि खाण्याचे पदार्थ, दुसऱ्यात मिश्र औषधे, तिसऱ्यात रोग आणि त्यांचे इलाज. शेवटी खातिमा.

सुजेचाच विषय घेतला तर हे दोन प्रवाह कुठे भेटतात आणि कुठे नाही, ते नीट दिसते. तिब्बमध्ये सुजेला वरम म्हणतात. रक्तातून उठलेली फलगमूनी, पित्तातून उठलेली हुमरा, कफाची पिलपिलीत ऊजीमा आणि काळ्या पित्ताची टणक सरतान. लाली, ऊब, फुगवटा आणि ठणका ही तिची लक्षणे रोमन काळापासून पाठ केली जातात. आयुर्वेदात तिला शोथ किंवा शोफ म्हणतात आणि तिची विभागणी वात, पित्त, कफ यांप्रमाणे होते. सुश्रुतसंहितेत तर सूज कच्ची आहे, पिकायला लागलेली आहे की पिकली आहे, हे ओळखायला एक स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची सूज फोडणाऱ्या आणि पिकलेली तशीच ठेवणाऱ्या वैद्याला तिथे चांगलेच फैलावर घेतले आहे. तिब्बचा हकीमही पायऱ्या पाळतो. सूज नुकती चढत असेल तर रादे म्हणजे मागे लोटणारी औषधे, चढून बसली असेल तर मुहल्लिल म्हणजे विरघळवणारी, आणि पिकणारच असेल तर मुंजिज म्हणजे पिकवणारी. नावे वेगळी, याद्या वेगळ्या, पण रुग्णाच्या सुजेवर ठेवलेले बोट दोघांचे सारखेच काही शोधत असते.

झाडांची गोष्ट आणखी मजेची. त्यातली कित्येक दोन्हीकडे आधीच घर करून होती. गुग्गुळ अरबीत मुक्ल म्हणून ओळखीचा. सालईच्या जातीच्या झाडांचा डिंक म्हणजे तिब्बमधला कुंदुर. हळद फारसीत जर्दचोब, म्हणजे पिवळे लाकूड. हिरडा, बेहडा, आवळा हे त्रिकूट तर अब्बासी खलिफांच्या काळातच बगदादला पोहोचले होते. त्रिफळाचा उच्चार तिकडे इतरीफल झाला आणि आजही हकिमाच्या दुकानात बरणीवर तेच नाव असते. महाबळेश्वरच्या रानातला हिरडा गोळा करणाऱ्या माणसाला आपल्या झाडाचा हा प्रवास कोण सांगणार! निर्गुडी, पुनर्नवा, गुळवेल यांची मात्र इथल्या वैद्यांशी बसून ओळख करून घ्यावी लागत होती. पुनर्नवेला संस्कृतात शोथघ्नी असेच नाव आहे, सूज मारणारी. पहिल्या पावसात ती सातारा-सांगलीच्या बांधाबांधावर उगवते, ‘घेटुळी’ म्हणून तिची भाजी होते, आणि उन्हाळ्यात वर काही दिसत नाही, मूळ तेवढे जिवंत राहते.

खातिमा हा या ग्रंथाचा वेगळा भाग. त्यात चवींचा विचार येतो, आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या हवापाण्याचाही. वैद्यांनी जमिनीचे तीन प्रकार मानले होते: पाणथळ तो आनूप, कोरडा तो जांगल आणि दोन्हींच्या मधला तो साधारण. देशाप्रमाणे प्रकृती बदलते, म्हणून औषधाची मात्रा बदलते. ज्याला हे पटवून घ्यायचे आहे त्याने सातारा जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि शंभरएक किलोमीटरवर माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सांगलीत शिराळ्याचे भिजलेले डोंगर आणि जतचा उघडा माळ यांत तेवढेच अंतर. अस्तराबादच्या समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला विजापूरच्या उन्हात बसून हा मुद्दा पटला असेल तर नवल नाही. तारीखेच्या शेवटीही त्यांनी हिंदुस्थानच्या भूगोलाचे आणि हवेचे प्रकरण जोडले.

यात मोठेपणा कुठे आहे? परदेशातून आलेला, दरबारात मान असलेला, जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकाची भाषा येणारा माणूस. त्याला इथल्या वैद्यांना अडाणी म्हणून मोकळे होता आले असते. त्याऐवजी तो त्यांचा विद्यार्थी झाला, आणि शिकलेले आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत सांगितले. आपली विद्या या मातीला पुरत नाही हे मान्य करण्यात त्यांचा दीन आड आला नाही. या धर्मातल्या माणसाने त्या धर्मातल्या वैद्याचा काढा घ्यावा का, असले वाद आजही अधूनमधून कानावर येतात. विजापूरच्या दरबारातल्या त्या माणसाने तो प्रश्न विचारात घेण्याच्याही लायकीचा मानलेला दिसत नाही.

ज्या झाडांची ही चर्चा, त्यांच्याकडे आजचे विज्ञान कसे पाहते? हळदीतला पिवळा घटक कुर्क्युमिन युरोपात प्रथम १८१५ मध्ये वेगळा काढला गेला आणि त्याची रचना १९१० मध्ये ठरली. हळकुंडात तो साधारण २ ते ५ टक्के असतो. शरीरात दाह पेटवणाऱ्या रेणूंची साखळी कुर्क्युमिन मध्येच अडवतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. आल्यातले जिंजेरॉल आणि सालईच्या डिंकातली बोस्वेलिक आम्ले यांचेही काम थोडेफार त्याच वळणाचे. पण काचेच्या नळीत जे घडते ते पोटात घडेलच असे नाही. कुर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडा जातो. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी त्याच्याबरोबर मिऱ्यातला पायपरीन दिला, तेव्हा माणसाच्या रक्तातले त्याचे प्रमाण सुमारे २० पट वाढलेले आढळले. जुन्या वैद्यांच्या पुड्यांत सुंठ, मिरे, पिंपळी वारंवार का असतात, याचे एक उत्तर त्यात असू शकते. तरीही गुडघ्याच्या झिजेवर हळदीच्या अर्काचे जे प्रयोग झाले ते लहान आहेत, आणि त्यांतला आराम बेताचा आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर हळदीच्या अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाजीतली चिमूटभर हळद ही निराळी गोष्ट. रोजाच्या महिन्यात रोजच्या गोळ्या परस्पर बंद करून काढ्यावर विसंबणारे लोक असतात, त्यांना तर कुठलाच जुना हकीम शाबासकी देणार नाही.

फरिश्ता यांचे उरलेले आयुष्य प्रवासात आणि लेखनात गेले. १६०४ मध्ये इब्राहिम आदिलशाहाच्या मुलीचा निकाह अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल याच्याशी ठरला. तिच्या पालखीबरोबर जे लोक गेले त्यांत फरिश्ता होते. गोदावरीकाठी पैठणजवळ लग्न लागले आणि तिथून ते बुऱ्हाणपूरपर्यंत गेले. वर्षभरात दानियाल दारूपायी मेला. दख्खनची ही शाहजादी परमुलखात विधवा झाली. त्यानंतर लवकरच अकबरही गेला आणि विजापूरच्या सुलतानाने फरिश्ता यांना जहांगीरच्या दरबारी लाहोरला पाठवले. तारीखेतल्या नोंदी १६१० च्या पुढे थोड्या काळापर्यंत जातात, मग थांबतात. त्यांच्या मृत्यूची निश्चित तारीख इतिहासात नोंदलेली नाही. एवढ्या सुलतानांच्या मरणाचे दिवस लिहून ठेवणाऱ्याचा स्वतःचा दिवस कुणी लिहिला नाही.

त्यानंतर दोनशे वर्षांनी या गोष्टीत सातारा पुन्हा येतो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, छत्रपती प्रतापसिंह साताऱ्याच्या गादीवर बसले आणि त्यांच्याजवळ इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट डफ आला. १८२६ मध्ये छापलेल्या त्याच्या मराठ्यांच्या इतिहासात सुरुवातीच्या काळासाठी फरिश्ता यांचा आधार जागोजाग आहे. त्याच्यानंतर १८२३ मध्ये साताऱ्याचा रेसिडेंट झाला जॉन ब्रिग्ज. चार वर्षे तो साताऱ्यात होता. त्याने केलेले तारीख-ए-फरिश्ताचे इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये चार खंडांत लंडनला प्रसिद्ध झाले, आणि मूळ फारसी पाठ त्याने १८३१ मध्ये मीर खैरात अलीखान यांच्या मदतीने शिळाप्रेसवर छापवला. आज इंग्रजीतून फरिश्ता वाचणारा प्रत्येकजण साताऱ्याच्या या रेसिडेंटच्या हाताने वाचतो.

ब्रिग्जचे काम अफाट होते, त्यात शंका नाही. पण इंग्रजी करताना त्याने तारीखेचा बारावा मकाला वगळला. तो हिंदुस्थानातल्या सूफी संतांचा होता. राज्य चालवणाऱ्या माणसाला राजांच्या लढाया हव्या होत्या, फकिरांच्या कहाण्यांचा उपयोग नव्हता. ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ला तर त्याने हातच लावला नाही. झाले असे, की इंग्रजी शाळांतून आणि नंतर देशी पाठ्यपुस्तकांतून जो फरिश्ता लोकांपर्यंत पोहोचला तो चढाया, कत्तली आणि फुगवलेल्या आकड्यांचा. हिंदू आणि मुसलमान या देशात फक्त एकमेकांच्या उरावर बसण्यासाठी जन्मले, असे ज्यांना सिद्ध करायचे होते त्यांनी त्याच पानांतले उतारे काढले, आणि अजूनही काढतात. हिंदी वैद्यांच्या विद्येचा सारांश करणारा फरिश्ता फारसी पोथ्यांत पडून राहिला. हकिमांच्या घराण्यांत तो वाचला जाई, त्याच्या नकला होत. फारसी मागे पडली तशा त्याही कमी झाल्या. हिंदुस्थानातल्या आणि ब्रिटनमधल्या ग्रंथालयांत आज त्याच्या प्रती आहेत.

सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवे आहेत, जमिनीत खोल खणलेली. शेतकरी ओली हळद काहिलीत शिजवतो, उन्हात वाळवतो, पॉलिश करतो. पेवात भरलेले हळकुंड किडीशिवाय वर्षानुवर्षे टिकायचे. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे गेली. उरलेल्यांवर गोल दगडी झाकणे आहेत. पेठेतल्या सौद्यात हळदीचे ढीग लागतात, आडत्या रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचा तो काळ आता गेला, पण पिवळी धूळ अजून सगळ्यांच्या कपड्यांवर तशीच बसते. त्या ढिगातली मूठभर हळकुंडे रमजानच्या बाजारासोबत मिरजेच्या एखाद्या घरी जातात, खलबत्त्यात कुटली जातात, आणि तरावीहहून आलेल्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यावर गरम लेप बसतो.